सासूबाईंसाठी परड्यात बांधलेली खोली, दहा महिने वापरल्यानंतर

मागच्या मेमध्ये बांधून झाली, म्हणजे अख्खा पावसाळा, गणपती, थंडी आणि परवाचा शिमगा हे सगळं या खोलीत काढून झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. गुहागर तालुक्यात आमचं घर. सासूबाई (मी आईच म्हणते) ७९ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले, आणि घर जुनं म्हणजे ओटीवरून माजघरात यायला उंबरा, माजघरातून स्वयंपाकघरात जायला उंबरा, संडास मागल्या दाराने तीन पायऱ्या उतरून. दोनदा पडल्या. तेच घर सपाट करून घ्यावं तर भिंती मातीच्या, गवंडी म्हणाला हात लावू नका, अर्धं घर खाली येईल. मग परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, वेगळी खोली घातली, १२ बाय १४, लागून ६ बाय ७ चं बाथरूम, पुढे चार फुटी पडवी, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) बांधकाम, सगळं मिळून सव्वासहा लाख. मागल्या दारापासून माझी २२ पावलं.

खोलीबद्दल माझी फार तक्रार नाही, त्या २२ पावलांबद्दल आहे. ते पुढे येईलच.

आधी माणसांचं सांगते कारण ते कोणी सांगत नाही. जोतं घातलं त्या दिवशी आई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मला परड्यात काढलंत." वाडीत तर सरळ बोललं गेलं की सुनेने सासूला वेगळं टाकलं. माझी नणंद कॅलिफोर्नियात असते, तिच्या शेजारच्यांनी मागच्या अंगणात आईवडिलांसाठी असंच छोटं घर बांधलंय, तिकडे त्याला एडीयू म्हणतात नाहीतर ग्रॅनी फ्लॅट, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. उलट २०२० पासून तिकडे राज्याचा कायदाच आहे, ८०० चौरस फुटांपर्यंतचं असं घर हद्दीपासून चार फूट सोडून बांधत असाल तर शहराला सहसा अडवता येत नाही आणि पूर्ण अर्ज आल्यावर ६० दिवसांत निकाल द्यावा लागतो. आमच्याकडे सातबाऱ्यावर अठरा नावं! मुंबईच्या चुलत दिरांचा फोन आलाच, वाटणी व्हायच्या आधी बांधकाम कसं काय. नवऱ्याने सगळ्यांकडून संमतीचं लिहून घेतलं, त्यात पाच महिने गेले, मग ग्रामपंचायत. आमचं घर आत आहे म्हणून बरं, तुमचं भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल तर आधी सीआरझेडचं (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं) बघून घ्या, चिरे मागवल्यावर नको.

रॅम्पवरून गवंड्याशी भांडण झालं. नियम साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं दीड फूट, म्हणजे अठरा फूट रॅम्प हवा. तो म्हणे एवढा लांब कशाला, गाडी चढवायचीय का, आणि मी माहेरी गेले त्या दोन दिवसांत नऊ फुटांचा घालून मोकळा. आईंनी वॉकर घेऊन एकदा उतरून बघितलं, वॉकर पुढे आणि त्या मागे, मी खाली उभी होते म्हणून वाचल्या. फोडून पुन्हा घातला, पैसे आमचेच गेले. बाकी दार तीन फुटी ठेवलंय, बाथरूमचं दार बाहेर उघडतं (आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही, हे कोणीतरी सांगितलं आणि ऐकलं ते बरं), कमोड उंच, बाजूला धरायला दांडा. दांड्यात मात्र फसलो, दुकानदार म्हणाला स्टेनलेस आहे, निघाला २०२ ग्रेडचा, ऑगस्टमध्ये त्यावर तांबूस ठिपके. खाऱ्या हवेत निदान ३०४ घ्या, जमलं तर ३१६.

छपराला कौलं हवी होती पण वानरं ठेवत नाहीत, म्हणून पत्रा, खाली पीव्हीसी सीलिंग. तरी आवाज असा की जुलैत टीव्ही बघायचा म्हणजे नुसती चित्रं. पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टर केलं नाही, चिरा उघडा छान दिसतो म्हणून, ती हौस महागात पडली. इकडे पावसाळ्यात ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस, झड सरळ भिंतीवर, आतून ओल, आईंच्या कपाटात लुगड्यांना बुरशी. शेवटी बाहेरून माडाच्या झावळ्यांची झापं बांधली, आमच्या आजेसासूबाई बांधायच्या तशी.

आता ती २२ पावलं. माझी २२, आईंची चाळीस. खाली चिऱ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेवाळ धरलं. ब्लिचिंग टाकलं, काथ्याचे पायपुसणे अंथरले, ते कुजले. सोलर दिवा लावला होता, तो पावसात चार्जच होईना, आणि अंधारात त्या वाटेवर फुरसं (विषारी साप) निघतं त्यामुळे रात्री कोणी जायचं म्हणजे बॅटरी, काठी, छत्री, तीन हात लागतात. हळूहळू आई जेवायला यायच्या बंद झाल्या. मी डबा घेऊन जायचे, ठेवायचे, पाच मिनिटं बसायचे, परत. दीड महिना. मला वाटत होतं शेवाळाला घाबरतात, विचारलं तर म्हणाल्या, "घसरायचं काही नाही गं, पण मी निघाले की कोणाला तरी हात धरायला उठावं लागतं." त्यावर मला काही बोलायला सुचलं नाही.

बेलचाही किस्सा. वायरलेस बेल आणलेली, बटण त्यांच्या उशाशी, आमच्या घरातलं यंत्र प्लगला. रात्री लाइट गेली की ते मेलेलं, आणि पावसाळ्यात लाइट जाते ती रात्रीच. एकदा आईंनी देवातली घंटा वाजवली, पत्र्यावरच्या पावसात ती कोणाला ऐकू येणार! आता आमच्याकडचं यंत्रही सेलवर चालणारं घेतलंय.

गणपतीच्या आधी चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा मागल्या दारापासून खोलीपर्यंत पाइप रोवून वर पत्रा टाकला, खाली खरबरीत कोबा, एका बाजूला कंबरेएवढा कठडा. ५८ हजार लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई कठड्याला धरून एकट्या आल्या, स्वयंपाकघरात बसून मला म्हणाल्या चहात आलं कमी आहे. हे आधीच करायला हवं होतं, किंवा खोलीच मागल्या दाराला लागून काढायला हवी होती. तुम्ही बांधणार असाल तर आधी वाटेचे पैसे बाजूला काढा आणि उरतील त्यात खोली बसवा.

आता बरं काय झालं ते पण सांगते. आईंना स्वतःचं दार मिळालं. एका बर्नरची शेगडी आणि पाच किलोचा सिलिंडर दिलाय, पहाटेचा चहा त्यांचा त्या करतात, रेडिओ हवा तेवढा मोठा लावतात, दुपारी वाडीतल्या दोघीतिघी मागच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फाटकातून थेट त्यांच्याकडे येतात, आम्हाला पत्ताही नसतो. शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा कठड्याला धरून खळ्यात (अंगणात) आल्या, ओटी भरली आणि परत गेल्या, कारण मैत्रिणी तिकडे बसलेल्या. मुलगा परवा दार न वाजवता आत घुसला तर त्यालाच ओरडा.

परड्यात काढल्याचं आता त्या बोलत नाहीत. परवा म्हणाल्या त्यांची बहीण मेमध्ये आंबे खायला येणार आहे पंधरा दिवस, ती घरात नको, खोलीतच राहील, अजून एक कॉट बघा. सुताराकडे टाकलीये, उंची आईंच्या कॉटएवढीच सांगितलीये.