लिफाफे, वही आणि आंब्याचा पैसा : पंधरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षीच्या १ जूनला घरखर्चाचे लिफाफे सुरू केले. आता गौरी-गणपती आटोपले, पाहुणे मुंबईला परतले आणि काल रात्री पंधरा महिन्यांची वही शांतपणे चाळली. लिफाफे वापरावेत का, असं बऱ्याच मैत्रिणींनी विचारलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर पावसच्या बाजूला. मी रत्नागिरीत एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते, पगार १५,०००. ह्यांची हापूसची कलमं आणि थोडी काजू. थोरली सातवीत, धाकटा तिसरीत, आणि सासूबाई. आधी चार महिने मोबाइलवरचं एक ॲप वापरलं होतं. बँकेचे मेसेज वाचून ते खर्च आपोआप लिहायचं, पण मासळीवालीला, गड्यांना, पिठाच्या गिरणीत रोखच द्यावे लागतात आणि ते त्याला कळत नसे. शिवाय मे महिन्यात दलालाकडून आंब्याचे पैसे आले की ते सांगायचं, या महिन्यात भरपूर शिल्लक आहे. ती शिल्लक खरी नव्हती. त्यात पुढच्या मार्चपर्यंतचं जेवण होतं.

लिफाफ्याची मूळ रीत सोपी आहे. पैसे हातात आले की किराणा, मासळी-भाजी, शाळा, औषधं, पेट्रोल असे वाटून वेगवेगळ्या लिफाफ्यांत ठेवायचे. लिफाफा संपला की त्या सदरातला खर्च थांबला. पण ही रीत महिन्याला ठरावीक पगार येणाऱ्या घराची आहे. आमच्याकडे पैसा मोसमात येतो, म्हणून आधी आम्हीच आम्हाला पगार सुरू केला. गेल्या वर्षी खत, फवारणी आणि मजुरीचे पैसे बाजूला काढल्यावर आंबा-काजूचे २,४०,००० उरले. ते वेगळ्या बचत खात्यात टाकले आणि दर १ तारखेला त्यातून २०,००० काढायचे ठरवले. माझा पगार धरून घराला महिना ३५,०००. एवढ्या एका गोष्टीने सर्वांत मोठा फरक पडला. ऑगस्टमध्ये किराणावाल्याकडे उधारी लिहायची वेळ गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच आली नाही.

पहिलं वर्ष मात्र सरळ गेलं नाही. सणांसाठी दरमहा २,५०० ठेवत होतो. गणपतीपर्यंत चार महिन्यांचे १०,००० जमले आणि खर्च झाला २४,०००. दीर-जाऊबाई, त्यांची मुलं, पाच दिवसांची पूजा, गौरीचा ओवसा. यात काटछाट करावी असं मला वाटतही नाही. कमी पडलेल्या १४,००० पैकी ८,००० अडीअडचणीच्या लिफाफ्यातून काढले आणि ६,००० फवारणीच्या पैशातून. मोहोर आल्यावर पहिल्याच फवारणीला त्याची ओढाताण झाली, आणि ह्यांचं माझं दोन दिवस बोलणं नव्हतं.

तोड सासूबाईंनी सांगितली. त्या आगोटीचे पैसे कायम वेगळ्या डब्यात ठेवत आल्या. पावसाआधी तांदूळ, डाळी, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा भरायचा तो खर्च. "आगोटीचा पैसा मेमध्येच बाजूला काढायचा गो, महिन्या-महिन्याने कसा पुरेल?" म्हणाल्या. या मे महिन्यात तसंच केलं. आंब्याचे पैसे यंदाही साधारण तेवढेच आले. त्यातून सणांचे ३०,००० आणि आगोटीचे १८,००० आधी काढले, उरलेल्या १,९२,००० चे बारा भाग केले. आता खात्यातून महिन्याला १६,००० येतात. आकडा लहान झाला, पण यंदाचा गणपती कुणाच्याही पैशाला हात न लावता झाला.

मासळीचा लिफाफाही आता मोसम पाहून भरते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. ते दोन महिने खाडीची थोडी मासळी सोडली तर सुके बांगडे, सोडे आणि जवळा यांवरच भागतं, आणि ते आगोटीत आधीच घेतलेलं असतं. म्हणून जून-जुलैत त्या लिफाफ्यात निम्मेच पैसे घालते आणि उरलेले शाळेकडे वळवते, कारण वह्या-पुस्तकं, छत्र्या, रेनकोट सगळं तेव्हाच एकदम येतं.

कागदी लिफाफे मात्र इथे घेऊ नका. पहिल्याच जुलैत नोटा ओलसर होऊन एकमेकींना चिकटल्या आणि शाईने लिहिलेले आकडे पसरले. आता चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि वहीत बॉलपेन.

यूपीआयचं काय, हा प्रश्न सगळ्याच विचारतात. हे पेट्रोल मोबाइलवरून भरतात. संध्याकाळी तेवढीच रक्कम पेट्रोलच्या पिशवीतून काढून 'मोबाइल' नावाच्या पिशवीत टाकायची आणि महिनाअखेर ती बँकेत भरायची. कंटाळवाणं आहे, पण हे केलं नाही तर पिशवी भरलेली दिसते आणि खातं रिकामं होतं. ज्यांचे सगळेच व्यवहार मोबाइलवरून होतात, त्यांनी हा खटाटोप करू नये.

बचतीचे पैसे पिशवीत राहतच नाहीत. थोरलीचं सुकन्या समृद्धी खातं ती सहा वर्षांची असताना उघडलं होतं. त्यात वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. एक वर्ष तेही विसरलो आणि ५० रुपये दंड भरून खातं पुन्हा चालू केलं. आता दरमहा २,००० भरते, तेही ५ तारखेच्या आत, कारण त्या महिन्याचं व्याज ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. पोस्टाचं पाच वर्षांचं आवर्ती खातंही त्याच फेरीत भरून टाकते.

मुलांबद्दल लिहिल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे वही घेऊन बसतो, बेरजा थोरली करते. मला त्याचं फार कौतुक होतं. जानेवारीत शाळेची सहल होती आणि तिने ती घरी सांगितलीच नाही. शेवटची तारीख उलटल्यावर मला दुसऱ्या एका आईकडून कळलं. विचारलं तर म्हणाली, "शाळेच्या पिशवीत चारशेच होते ना, आई." मी तिला जवळ घेतलं, पण ती सहल गेली ती गेलीच. मुलांना पैशाची किंमत कळावी हे मला आजही पटतं, पण घराची सगळी ओढ त्यांच्या डोळ्यांसमोर मांडायची नसते. आता त्यांच्यासमोर किराणा आणि सण एवढंच उघडतो. अडीअडचण, औषधं आणि बागेचा हिशेब आम्ही दोघं ती झोपल्यावर करतो. आणि 'सहल' नावाची एक छोटी पिशवी केली आहे, दरमहा १५० रुपयांची, ती फक्त त्या दोघांची.

ह्यांच्याशी होणारी "पैसे गेले कुठे?" ही वादावादी जवळजवळ थांबली. मोहोर गळून आंबा कमी आला तर हे १६,००० कुठून आणायचे, याचं उत्तर मात्र या पद्धतीत नाही. त्यासाठी या वर्षी अडीअडचणीतले पैसे न मोडता तीन महिन्यांचे ४८,००० साठवायचं ठरवलं आहे. आतापर्यंत ११,००० झालेत.

जुनी वही संपत आली. नवीन वहीत वर्ष जून ते मे असंच धरणार आहे, आणि पहिल्या पानावर सासूबाईंकडून आगोटीची पूर्ण यादी मापांसकट लिहून घ्यायची आहे.