देवघरातल्या अमोनाईटची पूड झाली

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चारमथला वादळानंतर गेलं की गोट्यांमध्ये बोटाच्या पेराएवढे सोनेरी अमोनाईट सापडतात, म्हणजे गुंडाळलेल्या शंखासारख्या समुद्री जीवांचे दगड झालेले अवशेष, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचे. सोनं कसलं, पायराईट; लोह आणि गंधक. दोन हिवाळ्यांत मी नऊ वेचले. हे पुढे भुगा होतात असं ऐकून होतो, म्हणून ते टिकावेत यासाठी प्रक्रिया करून घ्यायला एका प्रदर्शनात टेबल मांडून बसलेल्या गृहस्थाकडे दिले. "म्युझियममध्ये वापरतात तेच केमिकल. आता पाण्यात ठेवलेत तरी काही होणार नाही." नगाला ५ पौंड. परत मिळाले ते काचेसारखे चकाकत होते. केमिकलचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

मे महिन्यात डोंबिवलीला गेलो तेव्हा सगळ्यांत मोठा आईला दिला. शाळिग्राम म्हणजेही अमोनाईटच, हे कळल्यावर तिने तो थेट देवघरात मांडला. "रोज स्नान घातलं तर चालेल ना रे?" मी खुशाल हो म्हटलं. पैशांपेक्षा हेच मनाला जास्त लागतं.

ऑगस्टमध्ये फोन आला. "तुझ्या देवाला बुरशी आलीय." फोटोत पिवळट-पांढरी पूड, चकाकणारा पापुद्रा सुटलेला, खालच्या वस्त्राला भोक. वास म्हणे फटाक्यांचा.

ती बुरशी नव्हती. ओल आणि हवा लागली की पायराईटचे लोहक्षार बनतात, ते फुगून दगड फोडतात, आणि सोबत गंधकाचं आम्ल सुटतं. माझ्याकडच्या आठांपैकी दोन तडकले होते. जाणकार मैत्रिणीने ॲसिटोनचा बोळा फिरवला, सगळी चकाकी बोळ्यावर आली. नुसतं व्हार्निश! त्याने बाष्प अडत नाही. उलट समुद्राचं मीठ आत कोंडलं गेलं होतं.

खरं काम वेळखाऊ असतं. ताजा नग गोड्या पाण्यात, पाणी बदलत बरेच दिवस ठेवायचा, मग पूर्ण वाळवायचा. पूड दिसू लागली की मात्र पाणी बंद. कोरड्या ब्रशने झाडायचं. म्युझियमवाले त्यावर अल्कोहोलमध्ये इथेनॉलअमाईन थायोग्लायकोलेट नावाचं रसायन वापरतात. लोहक्षार भेटले की ते जांभळं होतं, म्हणजे काम केलंय का हे फोटोतही दाखवता येतं. त्यानंतरही हवाबंद डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल हवंच, आर्द्रता ३० टक्क्यांच्या आत. डोंबिवलीच्या पावसाळ्यात हे देवघरात कसं जमणार?

गृहस्थाला फोटो पाठवले. "तुमच्याकडची हवाच दमट," एवढंच उत्तर आलं.

आईने पूड फेकू दिली नाही. गणपतीबरोबर विसर्जन केली.