क्रिप्टोग्राफी शिकवायची: समोर कोड लिहून की खडूने?

अकरावी-बारावीचे पोट्टे, हाताशी एक तास, एक लॅपटॉप, आणि लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. यवतमाळकडच्या खेड्यांत मी क्रिप्टोग्राफी, म्हणजे मजकूर गुप्त ठेवायचं शास्त्र, तिन्ही प्रकारे शिकवून पाहिलंय: वर्गासमोर कोड लिहून, तयार स्लाइड दाखवून आणि नुसत्या खडूवर. स्लाइडचं आधीच सांगतो, नको. पोट्टे उतरवून घेतात, संपलं.

कोडची ताकद अनपेक्षित निकालात आहे. अक्षरं तीन घरं पुढे सरकवायचा सीझरचा संकेत मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 'कापूस'वर चालवला. फळ्यावर क चा घ, प चा भ, सगळं सोपं. मशीन मात्र युनिकोडचे, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला नेमलेले, क्रमांक सरकवतं. क २३२५ चा २३२८, म्हणजे घ, इथवर ठीक. पण कान्याचा उकार झाला आणि शेवटच्या स च्या जागी नुसतं एक स्वरचिन्ह उरलं. "सर, स कुठी गेला?" पुढची वीस मिनिटं पोट्ट्यांनीच वर्ग चालवला.

हॅशसाठीही, म्हणजे मजकुरापासून ठरावीक लांबीचा ठसा काढायलाही, कोडच घ्या. 'कापूस' आणि 'कापुस' एसएचए-२५६ या हॅशच्या रीतीतून काढले की ६४ चिन्हांच्या दोन ओळी येतात, एकीचा दुसरीशी मेळ नाही. ऱ्हस्व-दीर्घाचं महत्त्व एवढं ठसठशीत मराठीच्या तासालाही दिसत नसेल!

सगळ्यांदेखत बोलून दोघांपुरती गुप्त किल्ली ठरवण्याची डिफी-हेलमन पद्धत (१९७६) मात्र लॅपटॉपवर दाखवू नका. दोघांची गुपितं एकाच प्रोग्राममध्ये, एकाच पडद्यावर. मग लपवलं काय? त्यापेक्षा दोन पोरांना वर्गाच्या दोन टोकांना उभं करा. २३ आणि ५ सगळ्यांना माहीत. एकाच्या मनात ६, दुसऱ्याच्या मनात १५. पाचाचा तेवढा घात काढून २३ ने भागायचं आणि बाकी ओरडून सांगायची: ८ आणि १९. ऐकलेल्या आकड्याचा पुन्हा आपापला घात, पुन्हा बाकी. दोघांकडे २ येतो, मधल्या बाकांवरचे सगळं ऐकूनही कोरडेच.

आरएसए (लपवायला एक किल्ली, उघडायला दुसरी) आधी फळ्यावर: ३ आणि ११ चा गुणाकार ३३, लपवायचा आकडा ४, त्याचा घन ६४, ३३ ने भागून बाकी ३१, ३१ चा सातवा घात काढून ३३ ने भागला की बाकी परत ४. मोठे आकडे मग पायथनला द्या.

कोड लिहिणार असाल तर पायथन आधीच टाकून न्या, हॅशला इंटरनेट लागत नाही. मराठी शब्द फाइलमध्ये तयार ठेवा; कीबोर्ड बदलण्यात वर्ग हातचा जातो. आणि पडद्यावरची अक्षरं शेवटच्या बाकावर बसून वाचून पाहा. मी पहिल्यांदा पाहिली नव्हती.