जनसुनावणी : पाचपैकी दोन तारे

अमोनियाच्या मोठ्या टाकीला परवानगी द्यायची की नाही, यावरच्या जनसुनावणीला जाऊन आलो. तीस वर्षं बॉयलर सांभाळले, त्यामुळे सेफ्टी व्हॉल्व्हचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

माइक चांगला होता. सादरीकरण मात्र नुसतं नटवलेलं. 'धोका दहा लाखांत एक.' मी विचारलं, दहा लाखांत म्हणजे कशात? वर्षाला? माणशी? नुसत्या टाकीचा, की पाइप-व्हॉल्व्हसकट? साहेब म्हणाले, 'ती तांत्रिक बाब आहे.' अहो, म्हणूनच तर विचारतोय! नकाशावर टाकीभोवती एक गोल काढलेला. आत धोका, बाहेर बिनघोर. वारा काय कंपासपेटी घेऊन वाहतो? अमोनिया वायू हवेपेक्षा हलका, हे खरं. पण थंड द्रव गळला की त्याचा ढग धुक्यासारखा जमिनीलगत सरपटतो, आणि रात्री वारा पडलेला असेल तर लवकर विरतही नाही.

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी माझ्याहून नेमकं विचारलं : 'रात्री दोन वाजता भोंगा कोण वाजवणार, आणि वाजला तर पळायचं कुठल्या दिशेला?' उत्तर मिळालं, 'नोंद घेतली आहे.' दोन तारे त्या बाईंचे.

बाकीचे तीन कापले, कारण टाकीचा पाया तोवर भरून झाला होता. हरकती मागवायच्या त्या काँक्रीट ओतण्याआधी. १९७६ साली अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, हार्वर्डमधल्या डीएनए जोडणीच्या प्रयोगांवरून वाद पेटला. नगर परिषदेनं जोखमीचे प्रयोग आधी थांबवायला लावले, मग नागरिकांची समिती बसवली. त्यात नर्स होती, तेलाचा व्यापारी होता. त्यांनी काही महिने शास्त्रज्ञांना उलटसुलट प्रश्न विचारले आणि १९७७च्या जानेवारीत सांगितलं, जादा अटी घालून परवानगी द्या. लोकांना विचारलं की ते काम बंदच पाडतात, असं धरून चालणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. डेन्मार्कमध्ये १९८७पासून अशा परिषदा भरू लागल्या, की प्रश्न साध्या नागरिकांनी ठरवायचे आणि तज्ज्ञांनी समोर बसून उत्तरं द्यायची.

आमच्या सुनावणीचं इतिवृत्त महिन्यानं हाती आलं. माझ्या चार प्रश्नांची एक ओळ झाली होती : 'एका नागरिकाने शंका उपस्थित केली, समाधान करण्यात आले.' कुणाचं?

जाणार असाल तर प्रश्न लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मी घेतली नव्हती.