स्किमर मॉड करून देतो म्हणणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी हे वाचा

माशांच्या टँकचं पाणी साफ करणाऱ्या मशीनला स्किमर म्हणतात, आणि ते जास्त चालावं म्हणून आत फेरफार करतात त्याला मॉड. त्या मॉडच्या नावाखाली मी फसलो. सात हजार गेले त्याचं दुःख आहेच, नाही असं नाही, पण त्याहून जास्त राग मला माझाच येतोय कारण सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी मान डोलवत उभा होतो. बायको म्हणते लिहून टाक एकदाचं, निदान दुसऱ्या कोणाचे तरी वाचतील.

मी फोंड्याचा, नोकरी कुंडईला. हॉलमध्ये चार फुटी सॉल्टवॉटर टँक आहे, खालचा संप म्हणजे फिल्टरची टाकी धरून अडीचशे लिटरच्या आसपास पाणी. दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल, थोडे हर्मिट क्रॅब, गोगलगायी आणि एक क्लीनर श्रिंप. दगडी कोरल ठेवत नाही, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, नसती भानगड नको. लोक विचारतात की गोव्यात राहून समुद्राचं पाणी विकतच्या मिठाने का बनवतोस, मीरामारला जाऊन दोन कॅन भरून आण की. पण पावसात मांडवी आणि जुवारीचं गोडं गढूळ पाणी तिथे येऊन मिळतं, तेव्हा त्या पाण्याचा खारटपणा किती याचा काही नेम नसतो. म्हणून आरओचं पाणी आणि पॅकेटमधलं मीठ.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रोटीन स्किमर म्हणजे काय तर एक उभा नळकांड्यासारखा डबा, त्याच्या पंपात हवा ओढली जाते, पंपाच्या काटेरी चाकावर म्हणजे नीडल व्हीलवर आपटून तिचे बारीक बुडबुडे होतात. माशांच्या घाणीतले काही पदार्थ असे असतात की त्यांचं एक टोक पाण्याला चिकटतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, ते जाऊन बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर कपात जाऊन बसतात. काळपट, घाण वासाचं पाणी. कप उघडला की घरातले सगळे ओरडतात, पण तो वास म्हणजे मशीन काम करतंय. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत पटकन मिसळत नाहीत, बारीक राहतात, म्हणून हे चालतं, गोड्या पाण्याच्या टँकला त्याचा फारसा उपयोग नाही.

तर माझ्या स्किमरचा कप मे पासून कोरडाच. फेस मानेपर्यंत यायचाच नाही. काचेवर शेवाळ. आणि पुढे चवथ, घरात वीस-पंचवीस माणसं येणार, टँकच्या शेजारीच माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधतात आमच्याकडे, सगळ्यांची नजर पहिली टँकवर जाते. मला तो चकाचक हवा होता. ही घाई होती, आणि समोरच्याला ती पहिल्या फोनमध्येच कळली.

ओळखीतल्या एकाने व्हिडिओ पाठवलेला. दोन बादल्या, दोन सारखे स्किमर, एक साधा आणि एक ‘मॉड’ केलेला, साध्यात चार बुडबुडे आणि मॉडवाल्यात फेस कपाच्या झाकणाला टेकलेला. मी नंबरवर फोन केला. माणूस मडगावच्या बाजूचा, बोलायला एकदम गोड, प्रत्येक वाक्यात बाब. म्हणाला बाब, कंपनीचं काटेरी चाक काढून त्यावर इम्पोर्टेड मेश बसवतो, हवा दुप्पट, चवथीच्या आधी हातात देतो, सगळें बरें जातलें. सात हजार, त्यातले तीन आधी.

इथे एक सांगायला पाहिजे, मेश मॉड ही थाप नाही. पंपाच्या चाकावर गुंतवळ्यासारखी प्लास्टिकची जाळी मासेमारीच्या दोऱ्याने नाहीतर केबल टायने घट्ट बांधतात, गोल कापतात, सगळीकडून तोल सारखा ठेवतात, म्हणजे बुडबुडे जास्त आणि बारीक होतात. पंप हवा जास्त ओढायला लागला की वॉट कमी होतात कारण पाण्यापेक्षा हवा ढकलायला हलकी. खरा मॉडवाला असेल तर तो तुम्हाला वॉटमीटर दाखवेल. याने मला फेस दाखवला.

रविवारी भर पावसात बोरीच्या पुलावरून स्कूटर मारत गेलो, स्किमर प्लास्टिकच्या पिशवीत. त्याच्याकडे त्याच दोन बादल्या. माझ्यासमोर चालू केल्या, म्हणाला जरा पाणी हलवतो, आणि उजव्या बादलीत हात घालून ढवळलं. दहा मिनिटांत फेस वर. मी जवळ जाऊन बोट घालायला गेलो तर म्हणाला नको बाब, हाताचं तेल लागलं की फेस बसतो. हे खरंच आहे, हाताच्या तेलाने फेस बसतो, मी स्वतः अनुभवलंय. म्हणून मला उलट वाटलं माणसाला विषय कळतो. पण मग त्याने स्वतः कोपरापर्यंत हात घातला तेव्हा फेस का नाही बसला? हा प्रश्न मला पडला कधी, तर तीन आठवड्यांनी, आंघोळ करताना.

तीन हजार युपीआयने दिले, बिल मागितलं तर व्हॉट्सॲपवर टाकतो म्हणाला. चॅटमध्ये ते घड्याळाचं चिन्ह दिसत होतं, मेसेज आपोआप गायब होण्याचं, मी म्हटलं असेल त्याची सवय.

चार दिवसांनी स्वतः घरी येऊन बसवून गेला, चहा प्यायला, मुलीला माशांची नावं सांगितली, उरलेले चार हजार घेतले. पंप उघडून दाखवा म्हटलं तर सील केलाय, उघडला तर वॉरंटी जाईल. वॉरंटी! कागद नाही, शिक्का नाही आणि वॉरंटी.

पहिला आठवडा मी हवेत. कप रोज भरायचा, दीड लिटरचा कप पूर्ण. रंग चहासारखा, तोही फार दूध घातलेल्या, आणि वास जवळजवळ नाहीच. मी रोज फोटो काढून मित्रांना पाठवत होतो. त्यातला एक वास्कोचा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, आम्ही त्याला काकाच म्हणतो, तो फक्त एवढंच म्हणाला की अरे हे तर पाणीच आहे, मिठाचं पाणी फेकतोयस तू. मी मनात म्हटलं जळतोय.

आठव्या दिवशी श्रिंप मेला. आई म्हणाली एक सुंगट मेलं तर एवढं काय तोंड पाडून बसलायस. मग गोगलगायी काचेवरून खाली पडायला लागल्या आणि परत चढेनात. मासे मात्र ठीक. पंप आवाज करत होता, घर्रर्र असा, रात्री जास्त. फोन केला, म्हणाला बाब, नव्या स्किमरला ब्रेक-इन पिरियड असतो, दोन आठवडे थांबा. आता हे पण खरंच आहे, नवा स्किमर बसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. पण माझी बॉडी पाच वर्षं जुनी, ब्रेक-इन कसला? त्याची हीच पद्धत, गोष्ट खरी सांगायची पण चुकीच्या जागी. साफ खोटं बोलला असता तर मी पकडलं असतं.

विसाव्या दिवशी खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर लावला तर खारटपणा १.०२५ वरून १.०२२. डोकं चालेना. मग काकाला फोन केला, तो फोनवरच हसला. स्किमर रोज दीड लिटर खारं पाणी बाहेर टाकतोय, आणि माझा ऑटो टॉप-ऑफ, जो खरं तर वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी भरायला असतो, तो तेवढंच गोडं पाणी भरतोय. वीस दिवसांत तीस लिटर खारं पाणी गोड्याने बदललं. मी स्वतःच टँक पातळ केला, आणि फोटो पाठवत बसलो.

रविवारी काका आला, येताना सोबत पाण्याची रिकामी लिटरवाली बाटली. बुडाला भोक पाडून त्यात स्किमरची हवेची नळी घट्ट बसवली, झाकण काढलं आणि बाटली बादलीत तोंड खाली करून धरली. पंप बाटलीतली हवा ओढतो तसं पाणी आत वर चढतं, किती सेकंदांत भरली ते मोजायचं. सव्वीस सेकंद. म्हणजे तासाला साधारण १३८ लिटर हवा. या पंपावर कंपनीने तीनशे लिहिलेत. दुप्पट हवेचा मॉड तो हा. हिशोब एकदम अचूक नाही येत याने, पण फुकटात होतो आणि फेसापेक्षा शंभर पटीने खरा.

मग पंप उघडला. ‘सील’ म्हणजे सिलिकॉनचा एक गोळा. आत चाकाला भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासणीचा तुकडा, तोही एका बाजूला जाड, म्हणून घर्रर्र. आणि तो बांधला होता कशाने, तर वायर सोलून काढलेल्या तांब्याच्या तारेने. खाऱ्या पाण्यात तार हिरवी पडलेली, हाताला मळ येत होता. काका हसायचा थांबला. तांबं माशांना थोडं चालतं, माशांच्या काही रोगांवर तांब्याचं औषधच देतात, पण वेगळ्या टँकमध्ये, कारण श्रिंप, खेकडे, गोगलगायी यांना ते अगदी थोडंसुद्धा विष आहे. टेस्ट किटमध्ये रंग आला. आणि एकदा गेलं की दगडात नि वाळूत जाऊन बसतं, पाणी बदललं की हळूहळू परत सुटतं, म्हणून आजही माझ्याकडे श्रिंप नाही.

मग कप भरत कसा होता? बाहेर जाणाऱ्या पाइपात आतून एक छोटा रिड्यूसर, म्हणजे वाट अरुंद करणारा तुकडा, ठोकून बसवलेला. पाणी बाहेर जायला वाट कमी, म्हणून बॉडीत पातळी वर, म्हणून पातळ फेस सरळ कपात. त्या पाइपावरची चावी म्हणजे गेट व्हॉल्व्ह फिरवून कोणीही हे दोन सेकंदांत करू शकतो, फुकट.

बादलीतला फेस राहिला होता, तोही काकाने दाखवला. टँकमध्ये नाही, बादलीत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं कंडिशनर असतं ना, कोरफडवालं, माशांच्या अंगावरचा चिकटा वाढवतो म्हणून विकतात ते, त्याचे चार थेंब. घासणी काढलेला माझाच पंप, मूळ काटेरी चाकासकट, दहा मिनिटांत फेस झाकणापर्यंत. त्या दिवशी पाणी ढवळताना त्याच्या मुठीत काय होतं ते तेव्हा कळलं.

आणि आता मुख्य गोष्ट, जी लिहिताना मला अजून लाज वाटते. माझा स्किमर मे मध्ये बिघडलाच नव्हता. हवेच्या नळीच्या तोंडाशी, जिथून हवा पंपात शिरते, तिथे मीठ साचून दगड झालेला, आणि चाकावर कॅल्शियमचा पांढरा थर. काकाने विचारलं व्हिनेगर आहे का घरात. आमच्याकडे कुठलं व्हिनेगर, पण शेजारच्या मावशींकडे माडाच्या सुरेचं असतंच, त्या सोरपोतेलला वापरतात, त्यांनी वाटीभर दिलं आणि कशाला हवंय ते ऐकून नको एवढ्या हसल्या. अर्ध व्हिनेगर अर्ध पाणी, रात्रभर पंप भिजवला, जुन्या टूथब्रशने घासला, साध्या पाण्याने धुतला. नळीतून कोमट आरओचं पाणी ओढू दिलं. बाटली परत लावली. बारा सेकंद. तीनशे लिटर, कंपनीचा आकडा. खर्च एक वाटी व्हिनेगर, आणि चवथीला मावशींच्या घरी नेवऱ्या पाठवल्या त्या.

नंतर हट्टाने खरी मेश आणून मी स्वतः मॉड करून बघितला, दोऱ्याने शिवून. दहा सेकंद. बारावरून दहा, एवढाच काय तो फरक, आणि अडीचशे लिटरच्या टँकला त्याची गरज होती असंही नाही.

पैशांचं म्हणाल तर फोन केला, त्याने आधी ऐकून घेतलं, मग म्हणाला बाब, तुमच्या टँकला प्रो मॉड लागेल, आणखी साडेतीन हजार. मी आवाज चढवला तर फोन ठेवला, आता नंबर लागत नाही. १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी नीट ऐकलं, बिल आहे का, लेखी काही आहे का विचारलं. माझ्याकडे युपीआयच्या दोन नोंदी, बाकी चॅट गायब. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, म्हणून अर्ज लिहायला घेतलाय, पण समोरच्याचा पत्ता काय लिहू, परत गेलो तर ती खोली रिकामी, घरमालक म्हणे दोन महिन्यांसाठीच घेतली होती. घासणी आणि तार बरणीत घालून ठेवलीय पुरावा म्हणून, मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

परवा म्हापशाच्या एकाने मला तोच व्हिडिओ पाठवून विचारलं की करून घेऊ का, दादा. नंबर वेगळा, आवाज नाही, वर गाणं लावलंय. पण उजवीकडची बादली निळी आहे, तिची कडी तुटलेली आणि तिथे काळा इन्सुलेशन टेप गुंडाळलाय. मी त्या बादलीसमोर वीस मिनिटं उभा होतो, मला ती झोपेतही ओळखता येईल. तुमच्याकडे असा व्हिडिओ आला तर आधी कडी बघा.