ईएलसीबी सारखा पडतोय: एकच आरसीसीबी बसवावा की आरसीबीओ?

ईएलसीबी, म्हणजे करंट अर्थमध्ये गळला की घराची वीज तोडणारा स्विच, टेस्ट बटण दाबूनही पडत नसेल तर तपासत बसू नका, आजच बदला. पण आमच्याकडच्यासारखा वारंवार पडत असेल, तर वायरमन विचारणारच: घरभराला नवा ३० मिलीअँपचा आरसीसीबी (तेच गळतीचं काम करणारा आजचा स्विच) टाकू, की सर्किटमागे एकेक आरसीबीओ (गळती आणि ओव्हरलोड, दोन्हींना पडणारा)?

आरसीसीबी स्वस्त पडतो आणि जुन्याच्याच जागी बसतो. वन बीएचकेला मला वाटतं तेवढा पुरे. माझं मन फिरलं ते जुलैतल्या एका रात्रीमुळे. दोन वाजता अख्खं घर अंधारात. सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे, ओव्हरलोडला पडणारे स्विच) खाली केले, ईएलसीबी वर केला, टिकला. फ्रिजचा एमसीबी वर केला, ईएलसीबी खाड्‌कन पडला. झालं, चोर सापडला! फ्रिजवाल्याला बोलावून पैसे मोजले, फ्रिज ठणठणीत. मग नुसते हॉलचे पंखे लावले, तरी तेच.

खरा दोष होता गच्चीवरच्या दिव्यात, जो तेव्हा बंदच होता. जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरून त्याची न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, अर्थला टेकलेली. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. त्यामुळे घरात काहीही लावलं की त्याचा परतीचा थोडा करंट तिथून अर्थमध्ये निसटायचा. गच्चीला स्वतःचा आरसीबीओ असता तर तेवढाच पडला असता.

अर्थात आरसीबीओला खर्च बराच. शिवाय दोन्ही तारा तोडणारा डबल पोल घेतला तर डीबीत (स्विचच्या पेटीत) सहसा दोन घरं अडतात. आणि जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांची न्यूट्रल एकत्र गुंडाळलेली असेल तर लोड दिल्याबरोबर पडतो. आमच्या हॉल-बेडरूमची तशीच निघाली. भिंती फोडायची तयारी नव्हती, म्हणून त्या दोघांना मिळून एक आरसीसीबी ठेवला आणि स्वयंपाकघर, गिझर, गच्ची यांना आरसीबीओ. फक्त आरसीबीओंची लाइन त्या आरसीसीबीतून पुढे काढू देऊ नका, नाहीतर एका दोषाला दोन्ही पडू शकतात.

तुमचं वायरिंग कसं आहे त्यावर आहे म्हणा. पण गेल्या महिन्यात गिझरची कॉइल गेली, तेव्हा तेवढाच आरसीबीओ पडला; पंखे, फ्रिज सगळं चालू होतं. अंगावर गार पाण्याचा तांब्या पडला, तेव्हा कुठे कळलं.