खाऱ्या पाण्याचा तयार संच आणि रत्नागिरीचा भाद्रपद

किनाऱ्यावरून मासेमारी करणाऱ्या नवशिक्यांसाठी आणि ‘खास खाऱ्या पाण्यासाठी’ म्हणून एका ऑनलाइन दुकानाने विकायला ठेवलेला रॉड, रीळ, दोरी आणि ल्यूअर म्हणजे कृत्रिम आमिषे यांचा संच मी यंदा हंगामाच्या तोंडावर ६,४०० रुपयांना घेतला आणि नारळी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रत्नागिरीच्या मांडवी, भाट्ये आणि मिऱ्या या तीन ठिकाणी वापरला. निष्कर्ष आधीच सांगतो: यातील रॉड पैसे वसूल करून देणारा आहे, रीळ जपून वापरल्यास चालण्यासारखे आहे आणि खोक्यातील बाकीचे सामान आपल्या किनाऱ्यावर या दिवसांत पाणी कसे असते याचा विचार न करता भरलेले आहे. दुकानाचे आणि छापाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दिसायला अगदी असेच संच निरनिराळ्या नावांनी अनेक ठिकाणी मिळतात आणि पुढे लिहिलेले बहुतेक मुद्दे त्या सर्वांना लावून पाहता येतील.

रॉड नऊ फुटी आणि दोन तुकड्यांचा असून १५ ते ४० ग्रॅम वजन फेकण्यासाठी तो आहे असे त्यावर छापलेले आहे. या किमतीच्या रॉडांवर ‘कार्बन’ हा शब्द ठळक छापलेला असतो आणि हातात घेतल्यावर मात्र काचतंतूचा जडपणा जाणवतो. येथे तसे झाले नाही. टोकाला लवचीक आणि मधल्या भागापासून ताठ अशी त्याची घडण असल्यामुळे ३० ग्रॅमचे वजन खांद्याला झटका न बसता लांब जाते आणि मुडदुशीसारख्या लहान माशाने आमिषाला तोंड लावलेलेही मुठीत स्पष्ट कळते. दोन तुकड्यांचा सांधा घट्ट बसतो आणि सकाळभर फेकाफेकी करूनही फिरत नाही. दोरी ज्या कड्यांतून जाते त्यांच्या आत सिरॅमिकची वळी बसवलेली असतात, आणि वाहतुकीत सर्वांत आधी इजा होते ती टोकाच्या कड्याला. त्यातील तडा डोळ्यांना दिसत नसला तरी दोरी खरवडून काढायला तो पुरेसा असतो. कापसाचा लहान बोळा प्रत्येक कड्यातून फिरवून पाहावा, तंतू अडकले तर रॉड लगेच परत पाठवावा. मला मिळालेला रॉड जाड पीव्हीसी पाइपात घालून पाठवलेला होता आणि सर्व कडी शाबूत होती, याचे श्रेय दुकानाला द्यायलाच हवे. मागची मूठ दोन-तीन इंचांनी लांब असती तर दोन्ही हातांनी फेकताना बरे झाले असते, एवढीच रॉडबद्दल तक्रार.

मात्र ४० ग्रॅमची मर्यादा ही या किनाऱ्यावर लहान बाब नाही. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. भाद्रपदात तिला पावसाचे पाणी भरपूर असते, त्यामुळे ओहोटी लागली की नदीचा प्रवाह आणि समुद्राची ओढ एकाच दिशेने काम करू लागतात, आणि अशा वेळी ४० ग्रॅमचे शिसे तळाला टेकते न टेकते तोच वाहत सुटते. तेथे आमिष एका जागी थांबवायचे तर ७० ते ८० ग्रॅमचे शिसे आणि ते फेकणारा अकरा ते तेरा फुटी सर्फ रॉड लागतो. म्हणून या संचासाठी भाट्याला उपयोगाचा असतो तो भरती पूर्ण होऊन पाणी थांबते तेवढाच काळ, आणि तो अर्ध्या-पाऊण तासापेक्षा फारसा मोठा नसतो. ती वेळ काढण्यासाठी मोबाइल हवाच असे नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, हा कोकणातला जुना हिशेब आजही कामाचा आहे. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती भरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असल्यामुळे ओढ कमी असते आणि भरती नेमकी सूर्योदयाजवळ येते. हा संच घेणाऱ्याने हंगामाच्या सुरुवातीला निदान भाट्यासाठी तरी उधाणाचे दिवस सोडून भांगाचे दिवस धरावेत. मांडवीच्या जेटीवर ही अडचण फारशी येत नाही, कारण तेथे पुरेसे खोल पाणी जवळच मिळते आणि लांब फेकण्याची गरजच उरत नाही.

आता ल्यूअरकडे वळतो, कारण खोक्यावरील चित्रात सर्वांत मोठी जागा त्यांनाच दिलेली आहे आणि माझी मुख्य तक्रारही तेथेच आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर आवाज करत ओढायचे दोन पॉपर, हातभर खोलीवर पोहणारे दोन मिनो, ३० ग्रॅमची चंदेरी धातूची पट्टी आणि वळवळत्या शेपटीचे रबरी मासे असा हा ऐवज आहे. दोन्ही मिनो पाठीला निळे, पोटाला चंदेरी आणि मधे जवळजवळ पारदर्शक आहेत; स्वच्छ पाण्यात ते खरोखरच जिवंत लहान माशासारखे दिसत असतील. परंतु आपल्याकडे भाद्रपदात आणि आश्विनाच्या पहिल्या पंधरवड्यात खाडीच्या तोंडाशी पाणी चहाच्या रंगाचे असते. नदीतून आलेली लाल माती, वर तरंगणारे गोडे पाणी आणि अजून पुरता न उतरलेला समुद्र यांच्या मिश्रणात गुडघाभर पाण्यातले पाऊलही दिसत नाही. जिताडा आणि तांबोशी या दिवसांत खाडीच्या तोंडाशी असतात, हे खरे; पण अशा पाण्यात ते डोळ्यांपेक्षा वासावर आणि पाण्यातील हालचालीवर अधिक अवलंबून असतात. पारदर्शक, मुक्या मिनोला तेथे काही काम नाही. मांडवीच्या जेटीवर नेमाने गरवायला येणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी माझी पेटी न्याहाळून एवढेच विचारले, “अहो, ह्या पाण्यात तुमचा मासा दिसायचा कोणाला?” संचात एखादा आतून खुळखुळणारा, गडद किंवा पांढऱ्याफटक रंगाचा मिनो असता तरी गोष्ट वेगळी झाली असती. रबरी माशांपैकी पांढरे तेवढे उपयोगी ठरले, तेही पाण्याच्या तळालगत अगदी सावकाश ओढल्यावर.

त्या गृहस्थांची स्वतःची मांडणी पाहण्यासारखी होती: जाड तंगुसाची हातदोरी, शेवटी भोक पाडलेले शिसे, त्याच्या वर हातभर अंतरावर एक गरी आणि तिला शेपटीकडून ओवलेली ताजी कोळंबी. या संचाला मी तीच मांडणी जोडली, फक्त शिसे ३० ग्रॅमचे घेतले आणि गरी क्रमांक १ मापाची, वर्तुळाकार वापरली, म्हणजे मासा आमिष गिळायच्या आत ती जबड्याच्या कोपऱ्यात बसते. त्यानंतर मुडदुशी, शेंगटी आणि एकदा पाऊण किलोच्या आसपासची तांबोशी असे मासे मिळाले. थोडक्यात, रॉड आणि रीळ यांनी काम केले ते बाजारातून आणलेल्या वाटाभर कोळंबीच्या जोरावर. आणि ज्या वस्तूंमुळे संचाची किंमत वाढलेली आहे त्या पेटीतच राहिल्या. संचात चार गऱ्या आणि मूठभर शिशाचे मणी दिले असते, तर दुकानाला पन्नास रुपयेही जास्त पडले नसते.

दोरीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. रिळाच्या स्पुलावर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकावर, चार पदरी ब्रेडेड लाइन म्हणजे विणलेली दोरी १५० मीटर भरलेली येते. ती सैल गुंडाळलेली असल्यामुळे पहिल्याच जोरदार फेकीत तिचे वेढे एकमेकांवर चढून कड्यात गाठ अडकण्याचा संभव असतो. घरीच ती सगळी काढून, ओल्या फडक्यातून ताणून पुन्हा भरावी. त्यानंतर तो त्रास राहत नाही. दुसरी गोष्ट अशी, की ब्रेडेड लाइन ताणाला कितीही मजबूत असली तरी खडकावर घासली की पाहता पाहता तुटते, आणि मिऱ्याच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर तर पायाखाली दगडच दगड असून प्रत्येकावर कालवांची धार असते. म्हणून शेवटचा दीड-दोन मीटर भाग जाड, घासणे सोसणाऱ्या दोरीचा म्हणजे लीडरचा लावावा लागतो. ‘खास खाऱ्या पाण्यासाठी’ असे म्हणवणाऱ्या संचात लीडरचे एक रिळही नसावे, याचे आश्चर्य वाटते. रत्नागिरीत जाळी आणि मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात अर्धा मिलिमीटर जाडीचा साधा तंगूस सहज मिळतो आणि सुरुवातीला तो पुरतो. महागड्या फ्लुरोकार्बनची या गढूळ पाण्यात गरज नाही, कारण दोरी माशाला दिसेल ही भीतीच येथे नाही.

रीळ ४००० आकाराचे आहे आणि रॉडच्या मानाने त्याचे वजन बरोबर बसते. तांबोशी गरीला लागल्यावर ती सरळ दगडांकडे धावते, आणि तिला तेथे पोहोचू न देणे हे सर्वस्वी ड्रॅगवर, म्हणजे ताण वाढल्यावर स्पूल किती सहज आणि किती एकसारखी फिरते यावर अवलंबून असते. नवे असताना हा ड्रॅग चांगला होता. काही आठवड्यांनी तो अडखळू लागला: आधी काहीच नाही, मग एकदम झटका, पुन्हा काही नाही. स्पूल काढून पाहिल्यावर आतल्या फेल्टच्या चकत्या ओलसर आणि खरखरीत झालेल्या आढळल्या. त्या पुसून, ड्रॅगसाठीचे ग्रीस अगदी पातळ लावल्यावर फरक पडला. तेवढ्याच काळात दोरी जिच्यावरून वळून स्पुलावर येते ती छोटी चकरी कुरकुरू लागली. मीठ सर्वांत आधी तेथेच घर करते, आणि चकरी फिरेनाशी झाली की दोरी तिच्यावर एकाच जागी घासून झिजते. दर वेळी घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रिळावर नळाचे गोडे पाणी हलक्या धारेने सोडावे, पुसून सावलीत वाळवावे, मग ड्रॅग पुन्हा सैल करून ठेवावा. रीळ बादलीत बुडवू नये आणि जोराचा फवाराही मारू नये, कारण त्याने मीठ आत ढकलले जाते. एवढे करूनही चकरी कुरकुरली, यावरून तिच्यातील बेअरिंग खाऱ्या पाण्याच्या लायकीचे नाही असेच म्हणावे लागते. त्याहून वाईट म्हणजे ल्यूअरच्या तिहेरी गऱ्या: एका सकाळी वापरून पेटीत ठेवलेल्या मिनोच्या गऱ्यांवर दुसऱ्या दिवशी तांबूस डाग होते आणि पेटीतल्या न वापरलेल्या गऱ्यांनाही त्यांचा संसर्ग झालेला होता.

संचात नसलेल्या वस्तूंपैकी एक मात्र नवशिक्याने रॉडच्या आधी घ्यावी, ती म्हणजे लांब नाकाची पक्कड. या दिवसांत गरीला हटकून लागते ती शेंगटी, आणि तिच्या पाठीवर एक व कल्ल्यांमागे दोन असे तीन दातेरी, विषारी काटे असतात. काटा लागल्यास जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवल्याने वेदना कमी होते, पण कळ फार जोराची असते आणि डॉक्टरांना दाखवणे टळत नाही. केंड लागला तर तो चोचीसारख्या दातांनी रबरी माशाची शेपटी सफाईने कापून नेतो; तो विषारी असल्यामुळे खाण्याचा प्रश्नच येत नाही. बंधाऱ्यावर जायचे असेल तर इन्कॉइस या समुद्राच्या स्थितीची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा उंच लाटांचा इशारा आहे का, हे आदल्या संध्याकाळी पाहावे. पावसाळ्यातले शेवाळ कोजागरीपर्यंत दगडांवरून जात नाही, आणि चपला घालून त्यावर चढणे म्हणजे हातपाय मोडून घेण्याचीच तयारी होय.

विक्रीनंतरच्या सेवेचा अनुभव मध्यम म्हणावा असा आहे. चकरीचा सुटा भाग मिळेल का, असे विचारल्यावर दोन दिवसांनी उत्तर आले की सुटे भाग ठेवले जात नाहीत, मात्र नव्या रिळावर दहा टक्के सवलत देता येईल. उत्तर सभ्य होते. पण सहा महिने हमी असल्याचे खोक्यावर छापणाऱ्याने गंज हा हमीत येत नाही हेही तितक्याच ठळकपणे छापायला हवे होते. त्याच दुकानात हा रॉड सुटा २,६०० रुपयांना मिळतो. तो तेथून घ्यावा, रीळ मात्र ज्याचे सुटे भाग मिळतात अशा कंपनीचे घ्यावे, तंगूस, शिसे आणि गऱ्या गावातून आणाव्यात. ल्यूअरची खरेदी कार्तिकात पाणी निवळेपर्यंत थांबली तरी काही बिघडत नाही. संचाला पाचांपैकी अडीच गुण, रॉडला एकट्याला चार.